मॉन्ट्रियलचा नववा मजला : ईटन्सचं दुकान गेलं, पण वरचा हॉल बघाच

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू जेवणाचा कमी आणि मजल्याचा जास्त आहे. कुठली डिश घ्यावी हे शोधत आला असाल तर इथे फारसं हाती लागणार नाही. पण मॉन्ट्रियलला जायचं ठरत असेल आणि जुन्या बिल्डिंगा, जुनी दुकानं, वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या जागा यांची थोडी जरी आवड असेल तर वाचा, कारण कॅनडात मी आजवर जे काही बघितलंय त्यात ही जागा अगदी वरच्या नंबरात बसते आणि आपल्यातलं कुणी तिचं नावच काढत नाही, सगळे नोत्र दाम, जुनं बंदर आणि माँ रॉयाल करून परत येतात.

जागा कुठली ते सांगते. सेंट कॅथरीन स्ट्रीटवर ईटन्स या डिपार्टमेंट स्टोअरची जुनी बिल्डिंग आहे. तिच्या अगदी वर, नवव्या मजल्यावर, 26 जानेवारी 1931 ला दुकानाचं स्वतःचं रेस्टॉरंट सुरू झालं. दुकान बुडालं तेव्हा ऑक्टोबर 1999 मध्ये तेही बंद झालं. आणि मग जे कुलूप लागलं ते थेट मे 2024 ला निघालं. म्हणजे खाली मॉल चालू, मधल्या मजल्यांवर ऑफिसं चालू, जमिनीखालून मेट्रो चालू, रोज हजारो माणसं त्याच बिल्डिंगमध्ये येतायत जातायत आणि डोक्यावर एक अख्खा मजला जवळजवळ 25 वर्षं तसाच पडून. आता तिथे ‘इल द फ्रान्स’ नावाचं रेस्टॉरंट आहे, बार आहे, कार्यक्रमांसाठी जागा आहे, आणि मजल्याचं नाव नुसतं ‘ल नवियेम’, म्हणजे आपला नववा.

ईटन्स काय होतं हे कॅनडात नवीन आलेल्यांना माहीत नसतं, मलाही पहिली काही वर्षं वाटायचं की ईटन सेंटर या मॉलला कुठल्यातरी बिल्डरचं नाव दिलं असेल. टिमथी ईटन हा आयर्लंडहून आलेला माणूस, त्याने 1869 मध्ये टोरोंटोत दुकान काढलं आणि दोन गोष्टी ठरवल्या, एक म्हणजे किंमत ठरलेली, घासाघीस नाही, आणि दुसरी म्हणजे व्यवहार रोखीत, उधारी नाही. वर माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज हे सगळं आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यात काय मोठं असं वाटेल, पण तेव्हा दुकानदार गिऱ्हाईक बघून भाव सांगायचे, त्यामुळे लिहिलेला भाव सगळ्यांना सारखा ही फार मोठी गोष्ट होती. 1884 पासून त्यांचा कॅटलॉग निघायला लागला आणि तो शेतावरच्या एकट्या घरांपर्यंत पोस्टाने जायचा, लोक त्यावरून कपडे, चुली, शिवणयंत्रं, काय वाटेल ते मागवायचे. तो 1976 पर्यंत चालला. मॉन्ट्रियलला ते 1925 मध्ये आले, गुडविन्स नावाचं दुकान विकत घेऊन, आणि मग रॉस अँड मॅकडॉनल्ड या आर्किटेक्टांकडून बिल्डिंग नव्याने बांधून घेतली, वर मजले चढवत चढवत 1930-31 ला नऊ मजले झाले.

आता नवव्या मजल्यावर रेस्टॉरंट का, तळमजल्यावर का नाही? हा प्रश्न आमच्या सासूबाईंनी लिफ्टमध्येच विचारला होता, “अगं पण जेवायला एवढं वर कोण चढून येणार?” तर तीच तर गंमत आहे. डिपार्टमेंट स्टोअरवाले मुद्दाम रेस्टॉरंट वर ठेवायचे. माणूस एकदा जेवायला वर गेला की उतरताना एकेक मजला बघत खाली येतो, पडदे बघतो, भांडी बघतो, हातमोजे घेतो. रिटेलमध्ये याला शॉवर इफेक्ट म्हणतात, पाणी वरून सोडायचं, ते सगळ्या मजल्यांवरून झिरपत खाली येतं. शिकागोच्या मार्शल फील्डमध्ये वॉलनट रूम सातव्या मजल्यावर, फिलाडेल्फियाच्या वॅनामेकरमध्ये क्रिस्टल टी रूम नवव्या मजल्यावर, सगळीकडे हेच. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळात बाईमाणसाने एकटीने हॉटेलात जाऊन जेवणं याकडे लोक वाकड्या नजरेने बघायचे. दुकानातल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र कुणी काही म्हणायचं नाही, खरेदीला आली होती, दमली, जेवली, संपलं. तिथे ती एकटी बसू शकायची, मैत्रिणीबरोबर दोन तास गप्पा मारू शकायची. बायकांसाठी शहराच्या मध्यावर, स्वच्छ, सुंदर, सन्मानाने बसायची जागा असणं हे तेव्हा फार कमी ठिकाणी होतं, म्हणून मला या जागांबद्दल नुसतं आर्किटेक्चर म्हणून नाही तर मनापासून प्रेम वाटतं.

आणि ही जागा घडवण्यातही बाईचाच हात आहे. लेडी ईटन, म्हणजे फ्लोरा मॅक्रे ईटन. टिमथीचा मुलगा सर जॉन क्रेग ईटन याची ती बायको, लग्नाआधी नर्स होती. 1922 मध्ये नवरा गेला, त्यानंतर ती कंपनीच्या कामात राहिली आणि दुकानातली रेस्टॉरंटं हा तिच्या खास आवडीचा विषय होता. तिने मॉन्ट्रियलच्या या मजल्यासाठी झाक कार्लू या फ्रेंच आर्किटेक्टला बोलावलं. कार्लू तेव्हा अमेरिकेत एमआयटीला शिकवत होता. पुढे पॅरिसला आयफेल टॉवरच्या समोर नदीपलीकडे जो पॅले द शायो उभा राहिला, 1937 च्या प्रदर्शनासाठी, तो बांधणाऱ्या तिघांमधला हा एक. म्हणजे आयफेल टॉवरचे फोटो काढायला आपण सगळे ज्या चौथऱ्यावर उभे राहतो ना, तिथे याचा हात आहे.

हॉलची कल्पना जहाजावरून घेतली आहे. इल द फ्रान्स नावाचं फ्रेंच प्रवासी जहाज 1927 मध्ये ल हाव्र ते न्यूयॉर्क अशा पहिल्या फेरीला निघालं, आणि त्याचं वैशिष्ट्य हे की त्याच्या आत जुन्या राजवाड्यांची नक्कल नव्हती, सगळं त्या वेळच्या नव्या स्टाइलचं, ज्याला आता आपण आर्ट डेको म्हणतो. लेडी ईटनला ते जहाज फार आवडायचं असं सांगतात, आणि तिथल्या डायनिंग हॉलसारखं काहीतरी तिला दुकानाच्या डोक्यावर हवं होतं. नव्या रेस्टॉरंटचं नाव त्या जहाजावरूनच ठेवलंय, ते मला आवडलं, उगाच नवं काहीतरी चकचकीत नाव दिलं नाही.

आता हॉल. सुमारे 130 फूट लांब आणि छत 35 फूट उंच. रचना चर्चसारखी आहे, म्हणजे मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंना कमी उंचीच्या पट्ट्या, मध्ये खांबांच्या रांगा. मधल्या उंच भागाच्या भिंतीत अगदी वर दुधी काचांच्या खिडक्या आहेत. यातलं कौतुक असं की उजेड कुठून येतोय ते डोळ्याला टोचत नाही, थेट ऊन कुणाच्या तोंडावर नाही, कुणाच्या ताटात सावली नाही, सगळीकडे एकसारखा मऊ प्रकाश. आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो, तिकडे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे आत शिरलो तेव्हा वरून दिवसाचा उजेड आणि खाली दिव्यांचा असं दोन्ही मिळालं. जमलं तर तुम्हीही अशीच वेळ धरा, पूर्ण अंधार पडल्यावर गेलात तर अर्धी मजा जाते.

खांब गुलाबीसर-करड्या संगमरवराचे. लांबून बघितलं तर एकाच रंगाचे वाटतात, पण जवळ जाऊन बघा, त्यात पांढऱ्या शिरा आणि लालसर ठिपके आहेत. हात लावला तर गार, आणि इतके गुळगुळीत की बोट कुठे अडत नाही. मधे मधे मोठे अलाबास्टरचे कलश आहेत. हे बघण्यासाठी मी परत जाईन, खरंच. अलाबास्टर हा दगडच, पण पातळ कोरला की त्यातून उजेड आरपार येतो. कलशाच्या आत दिवा असतो, तो दिसत नाही, दिसतो तो फक्त तापलेला दगड, मधासारख्या रंगाचा, आणि त्यात ढगासारख्या शिरा. जिथे दगड थोडा जाड राहिलाय तिथे तो गडद दिसतो, जिथे पातळ तिथे जवळजवळ पांढरा. म्हणजे 1930 साली कारागिराचा हात कुठे किती फिरला ते आज दिवा लावल्यावर वाचता येतं. सासूबाई तिथे किती वेळ उभ्या होत्या! “यात बल्ब आहे होय? मला वाटलं दगडच पेटलाय,” म्हणाल्या. आर्ट डेको वगैरे त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या की मरीन ड्राइव्हच्या जुन्या बिल्डिंगांचे जिने असेच असायचे नाही का, असे गोल कोपरे आणि चांदीसारखे कठडे. बरोबर ओळखलं की, काळ तोच आणि स्टाइलही तीच.

या हॉलमध्ये ते चांदीसारखं जे दिसतं ते मोनेल, निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. स्टेनलेस स्टील सगळीकडे पोचायच्या आधी 1920-30 च्या दशकात हा धातू फार वापरायचे, हॉटेलांच्या किचनमध्ये वगैरे, कारण गंजत नाही. स्टीलपेक्षा त्याचा रंग जरा उबदार असतो, निळसर मारत नाही. मला हे तपशील आवडतात कारण त्यावरून कळतं की कार्लूने जुन्या काळचा थाट उभा केला नाही, त्याच्या काळातला नव्यात नवा माल वापरला. आपण आज बघतो तेव्हा ते ‘जुनं, ऐतिहासिक’ वाटतं, पण 1931 मध्ये जी बाई लिफ्टमधून इथे बाहेर पडली असेल तिला हे एकदम भविष्यातलं काहीतरी वाटलं असेल. आणि लक्षात घ्या साल कुठलं आहे, महामंदी सुरू झाली होती, बाहेर माणसांना काम नाही आणि इथे हा हॉल उघडतोय. ते दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवून बघितलं की जरा वेगळं वाटतं.

हॉलच्या दोन टोकांना दोन मोठी भित्तिचित्रं आहेत, नताशा कार्लूची. एका टोकाला शिकारीचा विषय, दुसऱ्या टोकाला निवांतपणाचा. रंग भडक अजिबात नाहीत, हॉलच्या दगडाशी जुळणारे, त्यामुळे बरेच लोक एक नजर टाकून पुढे जातात. तसं करू नका. जिथे लिहून येतं तिथे तिची ओळख फक्त ‘आर्किटेक्टची बायको’ एवढीच येते, त्याचा मला राग येतो, कारण त्या हॉलमध्ये जे काही जिवंत आहे, आकृत्या, हालचाल, ते तिचं आहे. तिची चित्रं काढून टाकली तर तो हॉल कितीही भव्य असला तरी थोडा थंड वाटेल. आधी एका टोकाचं नीट बघा, मग पूर्ण लांबी चालत जाऊन दुसऱ्या टोकाचं बघा, मग कळतं की हॉल इतका लांब का आहे आणि दोन्हीकडे भिंत मोकळी का ठेवली होती. मुख्य हॉलच्या जोडीला दोन लहान खोल्याही होत्या, एक सोनेरी, एक चंदेरी, खासगी जेवणांसाठी.

आता मधल्या 25 वर्षांबद्दल, कारण खरं तर मला इथे खेचलं ते त्यानेच. डिपार्टमेंट स्टोअर मरतं ते वरून मरतं. सबर्बमध्ये मॉल निघतात, पार्किंग फुकट मिळतं, लोक डाउनटाउनला यायचे कमी होतात, मग दुकानवाले आधी वरचे मजले बंद करतात कारण तिथे गिऱ्हाईक पोचत नाही आणि लिफ्ट, दिवे, माणसं यांचा खर्च मात्र तोच. लिव्हरपूलच्या लुइस’समध्ये पाचवा मजला 1980 च्या दशकातच लोकांसाठी बंद झाला होता, खाली दुकान 2010 पर्यंत चालू, वर कॅफेटेरियाच्या टाइल्सवरची चित्रं अंधारात. फिलाडेल्फियाच्या वॅनामेकरची बिल्डिंग 12 मजली, पण शेवटी मेसीजचं दुकान खालच्या तीनच मजल्यांवर उरलं होतं, तेही मार्च 2025 मध्ये बंद झालं. पॅरिसचं ला सामारितेन 2005 ला आगीच्या सुरक्षेच्या कारणाने बंद झालं ते 2021 ला उघडलं. मॉन्ट्रियलचं उलट झालं बघा, इथे नववा मजला शेवटपर्यंत चालू होता, वर्षानुवर्षं येणाऱ्या म्हाताऱ्या बायका ठरलेल्या टेबलावर जेवत होत्या, आणि बुडाली ती अख्खी कंपनी. 1997 ला कर्ज देणाऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण घेतलं, तरी जमलं नाही, ऑगस्ट 1999 मध्ये दिवाळं.

दुकान गेल्यावर बिल्डिंगचं आतलं सगळं बदललं. 2002 मध्ये तिथे ले झेल द ला मोद नावाचं दुसरं दुकान आलं, मधोमध मोठा गोल मोकळा भाग कापून काढला, वरच्या मजल्यांना ऑफिसं केली. आज तुम्ही खालून आत गेलात तर हे कधीकाळी डिपार्टमेंट स्टोअर होतं याची आतून काही खूण सापडत नाही, नेहमीचा मॉल. नववा मजला मात्र वाचला कारण क्वेबेक सरकारने 2000 मध्ये, म्हणजे बंद झाल्यावर लगेचच, त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं. आणि हे महत्त्वाचं आहे, साधारण आपण समजतो की हेरिटेज म्हणजे बाहेरचा दर्शनी भाग, आतलं काय वाटेल ते तोडा. इथे संरक्षण आतल्या हॉलला होतं. त्यामुळे मालकाला तो तोडता येईना. पण कायदा तोडायला मनाई करू शकतो, चालू करायला लावू शकत नाही. चालू करायचं तर किचन लागतं, लिफ्ट लागते, बाहेर पडायचे आजच्या नियमांचे रस्ते लागतात, आणि मुख्य म्हणजे नवव्या मजल्यावर रेस्टॉरंट चालवायची हिंमत असणारं कुणीतरी लागतं, कारण आता खाली झिरपायला दुकानच नाही! ज्या कारणासाठी रेस्टॉरंट वर ठेवलं होतं ते कारणच गेलं. म्हणून इतकी वर्षं लागली असं मला वाटतं. शहरातल्या हेरिटेज माँरेयाल या संस्थेने मात्र विषय मरू दिला नाही, सारखा लावून धरला, त्यांचं मनापासून कौतुक.

माझं तर ठाम मत आहे की बंद राहिलं म्हणूनच वाचलं. विचार करा, 1999 नंतर कुणी ते चालू ठेवलं असतं तर काय झालं असतं? दर सात-आठ वर्षांनी नवा मालक, नवं इंटिरियर, फॉल्स सीलिंग, कलश गोडाऊनमध्ये, भित्तिचित्रांसमोर टीव्ही. संरक्षण असतानाही हळूहळू काहीतरी कुरतडलं गेलंच असतं. कुलपाने त्याची फार मोठी सेवा केली. आणि नव्या लोकांनी उघडताना संयम ठेवलाय, तो दिसतो. फर्निचर नवं आहे पण आरडाओरडा करत नाही, रंग हॉलचे हॉलला ठेवलेत. डागडुजी कुठे झालीय ते शोधायचा मी प्रयत्न केला, सहज सापडली नाही, इतकं हळुवार काम.

टोरोंटोवाल्यांसाठी एक खास गोष्ट. याच हॉलचं जुळं भावंड आपल्याकडे आहे. कॉलेज स्ट्रीट आणि यंगच्या कोपऱ्यावर जे कॉलेज पार्क आहे ना, ते मूळचं ईटन्सचंच दुकान, 1930 सालचं, आणि त्याचा सातवा मजला याच कार्लूने केला, तिथे एक ऑडिटोरियम आणि राउंड रूम नावाचं गोल रेस्टॉरंट, मध्ये काचेचं कारंजं. तिथे ग्लेन गूल्ड या पियानिस्टने कार्यक्रमही केले आणि पुढे रेकॉर्डिंगही केलं कारण आवाज फार सुंदर यायचा. दुकान 1977 मध्ये ईटन सेंटरला हललं, मजला बंद पडला, पाडायची भाषा झाली, लोक लढले, आणि 2003 मध्ये ‘द कार्लू’ नावाने उघडला. म्हणजे तोही 25 वर्षांच्या आसपास बंदच होता. पण तो आता लग्नं आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी भाड्याने देतात, आमंत्रण असेल तर आत. मॉन्ट्रियलला मात्र कुणीही टेबल बुक करून वर जाऊ शकतं, आणि माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. दुकानाचं रेस्टॉरंट ही मुळात कुणीही यावं अशी जागा होती, हातात पिशवी असलेल्या कुणाही बाईने. तिला ती तशीच परत मिळाली.

बरं, कामाचं बोलूया. जेवण फ्रेंच पद्धतीचं, समुद्रातल्या पदार्थांवर भर. मी मासा घेतला होता, साधा, लोणी-लिंबाच्या अंगाने जाणारा, नीट शिजवलेला, उगाच ताटावर चित्र काढलेलं नव्हतं. नवऱ्याने मटणासारखं काहीतरी घेतलं आणि पूर्ण संपवलं यावरून समजून घ्या. सासूबाई शाकाहारी, त्यांच्यासाठी आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं, तुम्हीही तसंच करा, मेनू बदलत असतो आणि ऐन वेळी वेटरला अवघडात टाकण्यापेक्षा बुकिंग करतानाच सांगून ठेवलेलं बरं. स्वस्त नाही, वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तेव्हाचं ठिकाण आहे. चौघांचं पूर्ण जेवण जड वाटत असेल तर बारमध्ये एखादं ड्रिंक घेऊन बसता येतं, तोही मार्ग वाईट नाही. लोक ‘बोंजूर-हाय’ करतात, तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल त्यात पुढे बोलतात, फ्रेंच येत नाही म्हणून घाबरू नका.

मेट्रोने मॅकगिल स्टेशनला उतरा, हिरवी लाइन, तिथून जमिनीखालूनच बिल्डिंगपर्यंत येता येतं, थंडीत हे फार उपयोगी. मॉलमध्ये शिरून सरकत्या जिन्यांनी वर जायचा प्रयत्न करू नका, नवव्या मजल्याची लिफ्ट कुठल्या बाजूला आहे ते बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. हॉल कार्यक्रमासाठी दिलेला आहे का तेही त्याच वेळी विचारा, कारण तुम्ही इतक्या लांबून हॉलसाठी जाणार आणि नेमकं त्या दिवशी तिथे कुणाचं लग्न असायचं. आम्ही जेवण झाल्यावर फिरून बघू का असं विचारलं तर आनंदाने हो म्हणाले, फोटो काढू दिले. वयस्कर माणसं बरोबर असतील तर काही अडचण नाही, लिफ्ट आहे, बसायला निवांत आहे, आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी त्या पूर्ण हॉल दोनदा फिरल्या.

मुलांना नेऊ का? लहान असतील तर कंटाळतील. दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील आणि त्यांना जहाजाची गोष्ट आधी सांगितलीत तर रमतील. ती गोष्टही खरंच चांगली आहे, ते इल द फ्रान्स जहाज 1956 मध्ये अटलांटिकमध्ये अँड्रिया डोरिया नावाचं जहाज धडकेनंतर बुडत होतं तेव्हा मागे फिरलं आणि 753 माणसांना वाचवून घेऊन आलं. पुढे तीनच वर्षांत ते जपानला भंगारात गेलं. मूळ जहाज नाही, त्याच्यावरून केलेला हॉल आहे.

जेवायच्या आधी तास-दीड तास असेल तर सेंट कॅथरीन स्ट्रीटवर थोडं चाला. तिथेच फिलिप्स स्क्वेअरला लाल दगडाची मोठी बिल्डिंग दिसेल, ती 1891 ची, मॉर्गन्स या डिपार्टमेंट स्टोअरची, पुढे ती हडसन्स बे कंपनीकडे गेली. 1670 मध्ये सुरू झालेली कंपनी, तिची सगळी दुकानं 1 जून 2025 पर्यंत बंद झाली. आधी ती बिल्डिंग बाहेरून बघा, वर मान करून मजले मोजा, मग ईटन्सच्या नवव्या मजल्यावर जा. हा क्रम मुद्दाम सांगतेय, आम्ही तसंच केलं आणि वर पोचल्यावर हॉल जास्त नीट बघितला गेला.

बुकिंग मात्र आधी करा, शनिवार-रविवारी तर नक्कीच.